लेडी जीन गॉर्डन: तीन लग्नं, एक जपलेला कागद आणि सगळं गणगोत

स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या गोष्टीत ही बाई एका वाक्यापुरती येते: ‘बॉथवेलने आपल्या पहिल्या बायकोला सोडलं आणि राणीशी लग्न केलं.’ बॉथवेल म्हणजे तिथला सरदार जेम्स हेपबर्न, आणि ती पहिली बायको म्हणजे जीन गॉर्डन. तो प्रसंग घडला तेव्हा ती अवघी एकवीस वर्षांची होती. त्यानंतर ती आणखी बासष्ट वर्षं जगली, दोनदा लग्न केलं, आणि पहिल्या नवऱ्याच्या जमिनीचं उत्पन्न मरेपर्यंत खाल्लं. तिच्याविषयी सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ही जीन गॉर्डन नेमकी कोण?

हंटलीचा चौथा अर्ल जॉर्ज गॉर्डन याची मुलगी (अर्ल हा बड्या सरदाराचा किताब, त्याची बायको ती काउंटेस). जन्म 1546 च्या सुमाराचा, मृत्यू 14 मे 1629. आधी बॉथवेलची काउंटेस, मग सदरलंडची काउंटेस, शेवटी बॉइनच्या ओगिल्वीची पत्नी.

तिचं माहेर एवढं मोठं होतं का?

उत्तर स्कॉटलंडात तरी त्याहून मोठं घर नव्हतं. तिच्या वडिलांना लोक ‘उत्तरेचा कोंबडा’ म्हणत. म्हणजे तो आरवला की उत्तरेत उजाडणार! आई एलिझाबेथ कीथ ही अर्ल मारिशल या दुसऱ्या बड्या घराण्यातली. भावंडांचा गोतावळा डझनभर.

या घराची पडझड झाली ती 1562 मध्ये. जीनचा भाऊ सर जॉन गॉर्डन याने राणीशीच लग्न करायची स्वप्नं पाहिली आणि तिच्याविरुद्ध उठावही केला. 28 ऑक्टोबरला ॲबर्डीनजवळ कॉरिची इथे लढाई झाली. गॉर्डन हरले. थोरले अर्ल पकडले गेले आणि घोड्यावर बसल्या जागीच कोसळून मेले. अंगावर एक जखम नाही. असं सांगतात, की हंटलीच्या काउंटेसला तिच्या चेटकिणींनी आधीच भाकीत केलं होतं: आज रात्री तुझा नवरा ॲबर्डीनच्या चावडीत झोपेल आणि त्याच्या अंगावर ओरखडाही नसेल. भाकीत अक्षरशः खरं ठरलं, फक्त झोपणारा जिवंत नव्हता.

पण मेल्यावरही सुटका नव्हती. देशद्रोह्याची मालमत्ता जप्त करायची तर आरोपी संसदेपुढे हजर हवा. म्हणून प्रेताला मसाले भरून ते एडिंबरोला आणलं आणि मे 1563 मध्ये त्या शवपेटीवर खटला चालवला. जॉनचं डोकं ॲबर्डीनमध्येच उडवलं होतं. थोरला हयात भाऊ जॉर्ज डनबारच्या कैदेत. जीन तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. पुढे तिच्या लग्नांमध्ये पैसा, जमीन आणि कागद यांना जे महत्त्व आलेलं दिसतं, त्याची मुळं मला तरी या शवपेटीत सापडतात.

राणी मेरीशी तिचं काही नातं होतं?

हो, आणि बरंच जवळचं. जीनच्या वडिलांची आई मार्गारेट स्ट्युअर्ट ही राजा जेम्स चौथा याची विवाहबाह्य मुलगी. राणी मेरी ही त्याच राजाची औरस नात. म्हणजे जीनचे वडील आणि मेरी ही आते-मामे भावंडं, फक्त आजी वेगळी. या हिशेबाने मेरी जीनची आत्याच लागते, वयात अंतर फार तर चार वर्षांचं. पुढे आत्याने भाचीचा नवरा घेतला, असं म्हटलं तर नात्याच्या दृष्टीने ते चूक नाही.

बॉथवेलशी लग्न कसं जमलं?

1565 मध्ये मेरीने डार्नलीशी लग्न केलं आणि तिच्या सावत्र भावाने, मोरेच्या अर्लने, बंड केलं. मोरेचे शत्रू ते राणीचे मित्र, या न्यायाने कैदेतला जॉर्ज गॉर्डन सुटला आणि पुन्हा हंटलीचा अर्ल झाला. परदेशात गेलेला जेम्स हेपबर्न, बॉथवेलचा चौथा अर्ल, यालाही बोलावणं आलं. दोघं एका बाजूला आले, तेव्हा ती मैत्री पक्की करायला एकाची बहीण दुसऱ्याला दिली. त्या काळची ही सरळ रीत.

24 फेब्रुवारी 1566 ला होलीरूडमध्ये लग्न लागलं. नवरी वीस वर्षांची, नवरा तिशी ओलांडलेला. नवरीच्या पोशाखासाठी रुपेरी जरीचं कापड राणीने दिलं. जीन कॅथलिक, बॉथवेल प्रोटेस्टंट. राणीची इच्छा होती की लग्न तिच्या खासगी चॅपेलमध्ये कॅथलिक विधीने व्हावं. बॉथवेल बधला नाही, प्रोटेस्टंट पद्धतीनेच लग्न झालं.

तेराव्या दिवशी, 9 मार्चला, राणीचा सचिव रिझिओ याचा होलीरूडमध्ये तिच्या डोळ्यांदेखत खून झाला. जीनचा नवरा आणि भाऊ दोघंही तेव्हा राजवाड्यातच होते. मागच्या खिडकीतून उड्या टाकून ते निसटले. नव्या संसाराची ही सुरुवात.

हुंडा किती ठरला होता?

12,000 मर्क. मर्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड, तेव्हा हिशेब 8,000 स्कॉट्स पौंडांवर जातो. बॉथवेल कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. हा पैसा मुख्यतः एडिंबरोच्या आग्नेयेला असलेल्या क्रायटन किल्ल्याच्या जमिनी सावकारांकडून सोडवण्यासाठी होता. त्या बदल्यात क्रायटनच्या जमिनींचं उत्पन्न जीनच्या नावे तहहयात बांधून दिलं. सगळा करार लेखी. नवरीच्या आईला लिहिता येत नसल्यामुळे गॅलोवेच्या बिशपने तिचा हात धरून सही करवली. क्रायटनची ही तरतूद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सव्वा वर्षात काडीमोड का?

कारण बॉथवेलला राणीशी लग्न करायचं होतं. 10 फेब्रुवारी 1567 च्या पहाटे राणीचा नवरा डार्नली कर्क ओ’फील्ड इथे मारला गेला. संशय बॉथवेलवर. 12 एप्रिलला खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. 24 एप्रिलला त्याने राणीला वाटेत गाठून डनबारला नेलं. ती मर्जीने गेली की जबरदस्तीने, यावर आजही भांडणं होतात, आपण त्यात नको पडूया. 15 मे रोजी दोघांचं लग्न. मधल्या तीन आठवड्यांत जीनला बाजूला करणं भाग होतं.

ते काम दोन न्यायालयांत झालं, आणि इथेच गंमत आहे.

पहिला दावा लग्नाचे तंटे पाहणाऱ्या एडिंबरोच्या प्रोटेस्टंट कमिसरी कोर्टात, खुद्द जीनच्या नावाने. आरोप व्यभिचाराचा: नवऱ्याचे बेसी क्रॉफर्ड या शिवणकाम करणाऱ्या दासीशी संबंध आहेत. बेसी लोहाराची मुलगी. साक्षीदारांनी हॅडिंग्टनच्या मठातल्या भेटीगाठी साग्रसंगीत सांगितल्या. 3 मे रोजी घटस्फोट मंजूर.

दुसरा दावा बॉथवेलच्या बाजूने, सेंट अँड्र्यूजच्या कॅथलिक आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याच्या न्यायालयात. कॅथलिक धर्मात घटस्फोट नाही. तिथे लग्न झालंच नव्हतं असं ठरवावं लागतं, आणि राणी कॅथलिक होती. मुद्दा असा मांडला की नवरा-नवरी चौथ्या पायरीतले नातेवाईक आहेत (म्हणजे चार पिढ्या मागे पूर्वज एकच) आणि त्यांनी चर्चची परवानगी घेतलेली नव्हती. 7 मे रोजी लग्न मुळातच रद्द.

एका कोर्टाच्या मते लग्न होतं आणि नवऱ्याने ते मोडलं. दुसऱ्याच्या मते लग्न कधी झालंच नाही. चार दिवसांच्या अंतराने दोन्ही निकाल खरे धरले गेले.

चर्चची परवानगी खरंच घेतली नव्हती का?

घेतली होती. 17 फेब्रुवारी 1566 ची, म्हणजे लग्नाच्या आठवडाभर आधीची. आणि ती देणारा कोण? तोच आर्चबिशप हॅमिल्टन, पोपचा प्रतिनिधी या नात्याने. स्वतः दिलेल्या परवानगीचा त्याला वर्षभरात विसर पडला.

जीन मात्र विसरली नव्हती. तो कागद तिच्यापाशीच राहिला. तो तिने कोर्टात काढला नाही, फाडला नाही, भावालाही दिला नाही. दुसऱ्या सासरी, सदरलंडच्या डनरॉबिन किल्ल्यात, तो तिच्यासोबत गेला आणि तिथल्या दप्तरखान्यात पडून राहिला. जॉन स्टुअर्ट या अभ्यासकाने तो शोधून 1874 मध्ये छापला, तेव्हा कुठे जगाला कळलं. या एका चिठोऱ्यावर राणीचं तिसरं लग्न कॅथलिकांच्या नजरेत कधीही बेकायदा ठरवता आलं असतं. एकवीस वर्षांच्या मुलीच्या पेटीत एवढा दारूगोळा!

मग तिने तो वापरला का नाही? भावाने तिला विकलं का?

भावाने सौदा केला, एवढं खरं. एप्रिल 1567 च्या संसदेत हंटलीच्या जप्त जमिनी अधिकृतपणे परत मिळाल्या आणि भावाने बहिणीच्या काडीमोडीला मान हलवली. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या.

पण जीनला ‘बिचारी’ म्हणायला मी तयार नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात व्यभिचारावरून घटस्फोट झाला, की दोषी जोडीदार मेला असं समजून निर्दोष जोडीदाराला त्याचे हक्क मिळत. म्हणजे प्रोटेस्टंट कोर्टाचा निकाल हा तिच्या फायद्याचा होता: नवरा गेला, क्रायटन राहिलं. परवानगीचा कागद बाहेर काढला असता तर तिच्या हाती काय लागलं असतं? बॉथवेल परत! हुशार माणूस हा व्यवहार करणार नाही. तो कागद तिने दाखवायला नव्हे, वेळ पडलीच तर असू द्यावा म्हणून ठेवला, असं माझं मत.

काडीमोडीनंतरही बॉथवेल तिच्याकडे जात होता हे खरं का?

ही बातमी राणीच्या विरोधकांनी पसरवली. बॉथवेल जीनला पत्रं लिहितो, तूच माझी खरी बायको आणि राणी ही ठेवलेली बाई असं म्हणतो, असं दरबारी मेटलंडने फ्रान्सच्या वकिलाला, द्यू क्रॉकला, सांगितलं. सांगणाऱ्याचा हेतू उघड आहे. महिनाभरात, 15 जूनला, कार्बेरी हिलवर राणी शरण गेली आणि बॉथवेल पळाला. नॉर्वेत त्याला ॲना थ्रॉन्डसेन नावाच्या आणखी एका बाईने लग्नाचं वचन मोडल्याबद्दल कोर्टात खेचलं. शेवटी डेन्मार्कच्या ड्रॅगशोल्म किल्ल्यात कैदेत असताना तो 1578 मध्ये मेला. जीनला त्याच्यापासून मूल नव्हतं.

दुसरा नवरा कोण?

अलेक्झांडर गॉर्डन, सदरलंडचा बारावा अर्ल. 13 डिसेंबर 1573 ला जीनच्या माहेरी, स्ट्रॅथबोगीला, लग्न झालं. ती सत्तावीसची, तो एकवीसच्या आसपास.

त्याचं बालपण ऐकलं तर जीनचं बरं म्हणायची वेळ येते. 1567 च्या उन्हाळ्यात हेल्म्सडेलच्या किल्ल्यात त्याचे वडील, अकरावे अर्ल, आणि सावत्र आई जेवायला बसले. यजमानीण इसोबेल सिंक्लेअर, चुलत्याची बायको. तिने पेल्यात विष घातलं. दोघंही काही दिवसांत मेले. अलेक्झांडर शिकारीहून उशिरा आला, वडिलांनी त्याला ताटाला हात लावू दिला नाही, म्हणून वाचला. इसोबेलच्या स्वतःच्या मुलाने मात्र अजाणता तोच पेला तोंडाला लावला आणि जीव गमावला.

पोरका अलेक्झांडर शेजारच्या केथनेसच्या अर्लच्या, जॉर्ज सिंक्लेअरच्या, ताब्यात गेला. विषामागे हात त्याचाच, असं सदरलंडवाले कायम म्हणत आले. त्याने पंधरा वर्षांच्या या पोराचं लग्न आपल्या मुलीशी, बार्बराशी, लावून दिलं. ती वयाने त्याच्या दुप्पट! 1569 मध्ये अलेक्झांडर तिथून निसटला आणि हंटलीच्या आश्रयाला आला. 1573 मध्ये बार्बराशी घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी जीनशी लग्न.

दोघंही गॉर्डन. म्हणजे एकाच घरातले?

मुळात हो. हंटलीचा दुसरा अर्ल जॉर्ज हा दोघांचाही खापरपणजोबा. त्याच्या एका मुलाचा, ॲडमचा, सदरलंडच्या वारस मुलीशी विवाह झाला आणि ते अर्लपद गॉर्डनांकडे आलं. म्हणजे जुन्या चर्चच्या हिशेबाने हेही नातं चौथ्या पायरीतलंच, ज्या कारणावरून पहिलं लग्न रद्द झालं तेच. पण 1567 अखेर स्कॉटलंडच्या संसदेने कायदा बदलला होता. बायबलात जी नाती वर्ज्य तेवढीच वर्ज्य, चुलत भावंडांनाही मुभा. त्यामुळे यावेळी कुणाच्या परवानगीचा प्रश्नच आला नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या नवऱ्याचा काही संबंध होता?

होता, आणि कादंबरीकाराला सुचणार नाही असा. अलेक्झांडरची सख्खी आई हेलेनॉर स्ट्युअर्ट ही लेनॉक्सच्या अर्लची बहीण. लेनॉक्सचा मुलगा डार्नली. म्हणजे ज्याच्या खुनाचा आरोप पहिल्या नवऱ्यावर होता, त्याचा आतेभाऊ हा दुसरा नवरा. आणि त्या खुनाच्या खटल्यात बॉथवेलला निर्दोष ठरवणाऱ्या ज्यूरीचा प्रमुख कोण? केथनेसचा अर्ल, अलेक्झांडरचा आधीचा सासरा. स्कॉटलंडच्या सरदारांची संख्याच इतकी थोडी होती की फिर्यादी, आरोपी आणि पंच एकाच पंगतीला बसत.

मुलं किती? त्यांच्या सोयरिकी कुठे झाल्या?

मोठा जॉन तेरावा अर्ल झाला आणि 1615 मध्ये आईच्या आधी वारला. त्याचा वारस सहा वर्षांचा, म्हणून जीनचा दुसरा मुलगा सर रॉबर्ट याने पुतण्याचा पालक म्हणून संस्थान सांभाळलं. रॉबर्ट दरबारात वजन असलेला माणूस. नोव्हा स्कोशियाच्या बॅरोनेट पदव्या 1625 मध्ये सुरू झाल्या, त्यातली पहिली त्याला मिळाली. सदरलंडच्या घराण्याचा मोठा इतिहास त्याने लिहिला, आणि जीनविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळ या मुलाच्या लेखणीतून आलेलं आहे. त्यामुळे तिथे आई नेहमीच शहाणी दिसते, हे ध्यानात ठेवून वाचावं. त्याच्या गॉर्डनस्टन इस्टेटीवर आज जी शाळा आहे तिथे प्रिन्स फिलिप आणि राजे चार्ल्स शिकले.

धाकटा अलेक्झांडर नेव्हिडेलचा. मुलींची लग्नं मात्र उघड राजकारण होती. मोठी जेन 1589 मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या ह्यू मकाय याला दिली. मकाय आधी केथनेसच्या बाजूचा, केथनेसचाच जावई. ती बायको सोडून तो सदरलंडचा जावई झाला आणि केथनेसचा एक हात तुटला. या जोडप्याचा मुलगा डोनाल्ड मकाय पुढे पहिला लॉर्ड रे. तीस वर्षांच्या युद्धात लढायला त्याने स्वतःची पलटण युरोपात नेली. दुसरी मुलगी मेरी ही बालनागाउनच्या रॉस घरात गेली.

संस्थान खरंच ती चालवायची?

नवऱ्याची प्रकृती तोळामासा, 1594 मध्ये तो गेलाही. कारभार तिच्याच हाती होता. ब्रोराजवळच्या कोळशाच्या खाणी तिने पुन्हा सुरू केल्या आणि तो कोळसा जाळून समुद्राच्या पाण्याचं मीठ काढणाऱ्या भट्ट्या घातल्या. एवढ्या उत्तरेला, सोळावं शतक संपत असताना, हा उद्योग म्हणजे धाडसच. आणि या सगळ्या काळात दक्षिणेकडून क्रायटनचं उत्पन्न येतच होतं. बॉथवेलचं अर्लपद जप्त झालं, नव्याने त्याच्या भाच्याला, फ्रान्सिस स्ट्युअर्टला, मिळालं, त्याचंही जप्त झालं. जीनचा हक्क या सगळ्यांना पुरून उरला.

तिसरं लग्न म्हणजे जुनं प्रेम असं वाचलं. खरं का?

बॉइनच्या अलेक्झांडर ओगिल्वीशी तिने 10 डिसेंबर 1599 ला लग्न केलं. वय 53. गोष्ट अशी सांगतात की तरुणपणी दोघांचं मन जुळलं होतं, पण ओगिल्वीने राणीच्या चार प्रसिद्ध ‘मेरी’ सख्यांपैकी मेरी बीटन हिच्याशी लग्न केलं, आणि त्या दुःखात जीन बॉथवेलची नवी नवरी असूनही काळे कपडे घालून फिरायची. तारखा पाहिल्या तर बीटनचं लग्न 1566 च्या वसंतात, जीनच्या लग्नानंतर झालेलं. त्यामुळे ‘त्याने फसवलं म्हणून तिने बॉथवेल पत्करला’ हे काही जुळत नाही. बीटन वारली, जीन विधवा होती, आणि मग तेहतीस वर्षांनी दोघं एकत्र आली, इतकं मात्र नक्की. मुलगा रॉबर्ट लिहितो की आईने हे लग्न मुलांच्या हितासाठी केलं. मुलांना आईच्या प्रेमप्रकरणाबद्दल विचारू नये, हेच खरं. या नवऱ्याच्याही मागे ती उरली.

लग्न बदललं की तिचं नाव बदलायचं का?

पद बदलायचं, आडनाव नाही. स्कॉटलंडात तेव्हा बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानेच सही करी. त्यामुळे कागदोपत्री ती जन्मभर जीन गॉर्डन. दुसऱ्या लग्नात नवराही गॉर्डन निघाल्यामुळे वंशावळ वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो, पण तिच्या सहीत काही फरक पडला नाही.

अठराव्या शतकातली गॉर्डनची डचेस जेन ती हीच का?

नाही. दोनशे वर्षांचं अंतर आहे.

शेवटपर्यंत ती कॅथलिक राहिली का?

राहिली. भाऊ जेम्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री, आणि म्हातारपणी तिच्या घरी जेझुइटांना थारा मिळतो म्हणून प्रोटेस्टंट चर्चने तिला त्रास दिला. तिने धर्म सोडला नाही आणि घरही.

तिचं चित्र आहे का? कुठे जाऊन काय पाहता येईल?

1566 मधली, तांब्याच्या पत्र्यावर काढलेली इवलीशी जोडचित्रं एडिंबरोच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाकडे आहेत. एक तिचं, एक बॉथवेलचं. बॉथवेलचं ओळखता येणारं चित्र एवढंच. कोर्टाने झालंच नाही म्हटलेल्या लग्नातलं!

क्रायटनचा किल्ला पडका असला तरी पाहण्याजोगा आहे. आतल्या चौकातली हिऱ्यासारख्या पैलूंची भिंत मात्र फ्रान्सिस स्ट्युअर्टची, जीन आणि बॉथवेलच्या संसारानंतरची. स्ट्रॅथबोगीला आता हंटली म्हणतात, तिथेही अवशेष आहेत. डनरॉबिनला गेलात तर परीकथेतले मनोरे दिसतील, ते एकोणिसाव्या शतकातले. जुना भाग त्यांच्या आत दडलेला आहे. तिथून दक्षिणेला डॉर्नॉकचं कॅथीड्रल. 1570 मध्ये केथनेसच्या माणसांनी आणि मकायांनी ते जाळलं होतं. ज्यांनी जाळलं, त्यांतल्या मकायांच्या घरात तिने पुढे लेक दिली. वयाच्या 83 व्या वर्षी डनरॉबिनला वारलेल्या जीनला याच कॅथीड्रलमध्ये, सदरलंडच्या अर्लांशेजारी पुरलं.